पाठ फिरवलेला लॅम्प

वस्तू अजून आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. इंदुमतीबाई घरी मातीच्या चकचकीत बरण्या घडवत आणि विकण्यासाठी जेवणाच्या टेबलावर त्यांचे फोटो काढत. उजेडाला होता एक जुना टेबललॅम्प. सकाळपासून तो बरणीवर डोळे रोखून तापला होता, तरी प्रत्येक फोटोत तिच्या पोटावर पांढरा डाग आणि मागे काळी सावली येत होती.

“अजून जोर लावू का?” त्याने थकून विचारले.

“नको रे बाबा,” बरणी म्हणाली. “तू बघतोस आणि माझे डोळे दिपतात.”

शेजारी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा उभा होता. तो म्हणाला, “दादा, जरा माझ्याकडे तोंड कर.”

लॅम्पला ते लागले. एवढा वेळ जळून शेवटी बरणीकडे पाठ फिरवायची? पण वाद घालायचेही त्राण उरले नव्हते. तेवढ्यात इंदुमतीबाईंनीच त्याची मान तिकडे वळवली, तशी त्याने वळू दिली.

थर्माकोलवरून उजेड मऊ होऊन बरणीवर उतरला. घडवणाऱ्या बोटांची वळणे एकेक करून दिसू लागली.

“आता कशी दिसतेस?” लॅम्पने पाठमोऱ्यानेच विचारले.

“आहे तशी,” बरणी म्हणाली.

इंदुमतीबाईंनी एकच फोटो काढला आणि लॅम्प बंद केला. तो फोटो त्याला कधीच दिसला नाही.