पोच्यातली भाडेकरू

आमच्या गावात आबासाहेब मोहिते भाड्याने टेम्पो देत. माणूस भारी संशयी. नेणाऱ्याची एखादी वस्तू तारण ठेवून घेत आणि गाडी परतली की तिच्याभोवती तीन फेऱ्या मारत.

हरबा सुतार शाळेच्या चौकटी पोचवायला सकाळी टेम्पो घेऊन गेला. तारण म्हणून हत्यारांची पेटी ठेवली. दुपारी तो परतला, तेव्हा तिसऱ्या फेरीत आबासाहेब मागच्या फाळक्यापाशी थांबले.

“हरबा, हा पोचा तुझाच! सकाळी पत्रा सरळ होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. भरून देईपर्यंत पेटी विसर.”

हरबाला उद्याचं काम आठवलं. पेटीशिवाय उद्या चौकटी बसवायच्या कशा? तो वाकून पोच्यात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आबासाहेब, जरा इकडं या.”

पोच्याच्या खळग्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. वाळून खडखडीत झालेलं. पिल्लं उडून गेल्याची भोकंसुद्धा त्याला होती.

“पोचा मी आज पाडला, तर हिची पोरं मोठी होऊन गेली कधी? माझ्याआधी ही बाई इथं राहून गेली. पेटी ठेवायची तर हिची ठेवा.”

आबासाहेबांनी चौथी फेरी मारली. मग आत जाऊन पेटी स्वतःच उचलून आणली.