हे काय आहे?

"...मग ही पोरं तुमच्याशीच कशी बोलतात?"

निशिकांतचा आवाज चढला होता. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून आवाज चढवू नये, एवढं त्याला कळत होतं. पण चार महिन्यांची चीड होती, ती कुठंतरी निघणारच.

ढोक गुरुजी खाटेवर बसून होते. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीशी काठी. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली, हे निशिकांतला गावात आल्या आल्याच कोणीतरी सांगितलं होतं. अचलपूरकडचा हा माणूस मेळघाटातल्या या कोरकू गावात मास्तर म्हणून आला, निवृत्त झाला आणि परत गेलाच नाही.

खाटेमागे पोरं दाटीवाटीनं उभी होती. निशिकांतच्याच बालवाडीतली. तो फाटकातून आत येईपर्यंत त्यांचा नुसता कलकलाट चालला होता, आणि तोही मराठीत! त्याला पाहिलं मात्र, सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी बंद.

"तू काय करतं वर्गात?" गुरुजींनी विचारलं.

निशिकांतला हाच प्रश्न हवा होता. त्यानं सगळं सांगितलं. तांब्या, फणी, झाडू, टोपली, कंदील... रोजच्या चाळीस वस्तू त्यानं स्वतः गोळा केल्या होत्या. टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. पोरांनी हात लावून विस्कटू नयेत म्हणून पुढं दोरीही बांधली होती.

"मग?"

"मग मी एकेक वस्तू उचलतो आणि विचारतो, हे काय आहे?"

"पोरं काय म्हंतेत?"

हे सांगायची निशिकांतला लाज वाटत होती.

"ती म्हणतात... हे काय आहे?"

अगदी सुरात म्हणत. बावीसच्या बावीस पोरं, त्याच्याइतकीच मान वाकडी करून. पुण्यात प्रशिक्षणात पहिला आलेला निशिकांत हातात तांब्या धरून उभा, आणि समोरून तोच प्रश्न परत.

गुरुजी हसले नाहीत. निशिकांतला त्याबद्दल बरं वाटलं.

जूनमध्ये ही पोरं पहिलीत जाणार होती. घरी कोरकू, शाळा मराठी. जी पोरं तोंड न उघडता पहिलीत बसतात ती मागच्या भिंतीला टेकतात आणि तिसरीच्या आत बकऱ्यांमागं जातात. गावात अशी घरटी एक-दोन होतीच. निशिकांतला ते बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ते आपल्या हातून व्हावं, हे तर त्याला अजिबात सोसत नव्हतं.

"तांब्या हातात असते, तवा तुले तो दिसते?" गुरुजींनी विचारलं.

"दिसतो की."

"मंग पोरायले काऊन इचारतं?"

गुरुजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पुढं केला. "बांध डोळ्यायले. तिकडं चुलीपाशी चाहाचे दोन कप भरेल हायेत. घेऊन ये."

"असा? डोळे बांधून?"

"मी रोज आनतो."

म्हाताऱ्याला जमतं ते आपल्याला का जमू नये? निशिकांतनं डोळे घट्ट बांधले आणि ताठ मानेनं निघाला. तिसऱ्या पावलाला त्याचा गुडघा खाटेच्या खुरावर आपटला. मागं कोणीतरी खुदकन हसलं. तो वळला, पुन्हा निघाला. आता चूल उजवीकडं की डावीकडं, तेही कळेना.

"दगड."

आवाज अगदी बारीक होता. वर्गात मागं बसणाऱ्या सुगरतीचा. चार महिन्यांत त्यानं तो असा एकटा कधी ऐकलाच नव्हता. निशिकांतचा उचललेला पाय हवेतच राहिला.

"कुठं?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"दगड! पाय... पायात!"

आणि मग बांधच फुटला. "बादली! बादली!" "मास्तर, कोंबडी!" "इकडं नाही, तिकडं!" कोणी त्याची बाही ओढली, कोणी सदरा धरला. "चूल! मास्तर, चूल! गरम!" दोन चिमुकल्या हातांनी त्याच्या पोटाला रेटून त्याला मागं लोटलं. कोणी कप त्याच्या हातात दिले, आणि सगळी वरात "हळू, हळू" करत त्याला खाटेपर्यंत घेऊन आली. अर्धा चहा वाटेतच सांडला.

दुपट्ट्याआड निशिकांतचे डोळे भरून आले होते. हसूही येत होतं. छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं, असं त्याला मोकळं वाटलं. पोरं बोलत होती! त्याच्याशी बोलत होती!

त्यानं दुपट्टा सोडला, डोळे पुसले आणि गुरुजींच्या शेजारी टेकला. पोरं पांगली आणि कोंबडीमागं धावू लागली.

"गुरुजी, मी मूर्ख आहे."

"चाहा पे. निवते."

त्यानं कप उचलला.

"थांब. मुंगी पडली त्यात. काढ."

निशिकांतनं बोटानं मुंगी काढून टाकली, कप ओठांशी नेला... आणि तसाच थांबला.

त्यानं सावकाश मान वळवली. काळ्या चष्म्यामागं काहीच दिसत नव्हतं.

"गुरुजी!" तो ओरडलाच. "तुम्हाला दिसतं?"

कोंबडीमागं धावणारी सुगरती थबकली आणि इकडं बघू लागली.

गुरुजींनी हात पुढं केला. हवेत चाचपडत, खाटेची कड चाचपडत, अगदी समोर ठेवलेला आपला कप त्यांनी शोधून काढला. मग निशिकांतच्या कानाशी वाकले.

"हळू बोल," ते म्हणाले. "पोरायले मराठी समजते."