समुद्रफुलाला पाजलेलं गोडं पाणी

एकदा एका कापडव्यापाऱ्याने, दिगंबरशेठ त्याचं नाव, घरातल्या काचेच्या टाकीत समुद्रफूल पाळलं. फूल म्हणायचं, पण तो जीव आहे. खडकाला चिकटून बसतो आणि पाकळ्यांनी भक्ष्य धरतो. शेठचा त्याच्यावर फार जीव जडला.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जाई. खाऱ्या पाण्यातला जीव, म्हणून शेठ समुद्राचंच पाणी आणून वर ओती. दोन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. तरी फूल आक्रसत सुपारीएवढं झालं.

घाबरून त्याने हिराजीबाबांना बोलावलं. बाबांची हयात मिठागरात गेलेली. शेठ त्यांना गुरू मानी. बाबांनी टाकीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. तांब्याभर पाणी काढून मोरीत ओतलं नि शेठाणीला म्हणाले, "सूनबाई, फिल्टरचं पिण्याचं पाणी आण."

शेठने बाबांच्या हातातला तांब्या धरला. "बाबा, मरेल ते! समुद्राचा जीव आहे!"

"मारायला तूच घेतलंयस. सोड तांब्या."

बारीक धारेने गोडं पाणी टाकीत गेलं. मग बाबा बोलले, "मिठागरात आम्ही समुद्राचं पाणी अडवतो नि उन्हाला देतो. ऊन पाणी नेतं, मीठ ठेवतं. इथूनही पाणीच उडालं, मिठाचा कण गेला नाही. त्यावर तू रोज आणखी मीठ ओतलंस. दिवाणखान्यात मिठागर काढलंस, शहाण्या!"

"मी तर मायेनं केलं, बाबा."

"माया होती रे. पण त्याचं कमी काय झालं, ते कधी बघितलंस? जे उणं झालं तेच द्यावं. आहे त्यातच भर घातलीस, तर जीव गुदमरतो."

बाबांनी सांगितलं तसं शेठने, घाई न करता, रोज एकच तांब्या पाणी बदललं. बाराव्या सकाळी फूल बशीएवढं उमललं, पाकळ्या संथ हलू लागल्या. शेठाणीच्या हाकेने शेठ धावत आला आणि बराच वेळ बघत राहिला.

मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुला काय हवंय गं?"

"साड्या पुष्कळ आणल्यात तुम्ही," ती म्हणाली. "आज दुकान जरा उशिरा उघडा. बसा इथे."

शेठ बसला.