समोर सगळं होतं

"पण बुवा, त्या गज का चावतात?"

त्रिंबकबुवांचा खराटा थांबला. "कोण रे?"

"माझ्या डुकरिणी. तीनशे आहेत. वेळेवर खाद्य, स्वच्छ पाणी, डोक्यावर पंखे. तरी दिवसभर पिंजऱ्याचं लोखंड चावत असतात."

बाजीराव गाताडे लहानपणी याच मठात बुवांकडे अक्षरं गिरवायला येई. आता पंचक्रोशीत एवढं मोठं वराहपालन दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. पण अलीकडे तो कडकड आवाज त्याला घरी जेवतानाही ऐकू येई. घास तोंडातच राही.

आज नव्या शेडमध्ये आणखी दोनशे पिंजऱ्यांचे गज सिमेंटात रोवायचे होते. मिस्त्री त्याच्या होकारासाठी थांबला होता.

"पिंजरा केवढा?" बुवांनी विचारलं.

"सात फूट लांब, दोन फूट रुंद. उठता येतं, बसता येतं. वळता येत नाही."

"का?"

"वळायचंय कशाला? खाणंपिणं समोरच असतं."

"काढून दाखव."

बाजीरावानं झाडलेल्या अंगणात काटकीनं चौकट आखली. माप चोख.

"बस आत. वळायचं नाही हं."

"बुवा, तुमचं आपलं काहीतरीच!" तो हसत बसला.

बुवांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. वाटीत गूळ-शेंगदाणे ठेवले. मग खराटा उचलून त्याच्या पाठीमागे गेले.

खर्र... खर्र...

बाजीरावानं चार दाणे तोंडात टाकले.

खर्र...

मग आवाज थांबला.

तो ऐकत राहिला. पाचोळा सळसळला. पुन्हा काही नाही...

वाटी तशीच राहिली. त्याच्या हाताला काटकी लागली. तो ती मोडू लागला. एक तुकडा. दुसरा. तिसरा.

"अरे वा!" मागून बुवा म्हणाले. "हे बघ काय!"

बाजीराव गर्रकन वळला. रेघ गुडघ्याखाली पुसली गेली.

मागे काहीच नव्हतं. बुवा खराट्यावर हात टेकून उभे होते.

"काय होतं, बुवा?"

"काही नाही."

"मग...?"

खिशात फोन वाजला. मिस्त्री होता. "साहेब, सिमेंट कालवू का?"

बाजीरावानं फोन कानाला लावलेला होता, पण तो पुसलेल्या रेघेकडे बघत होता.

"बुवा... काय सांगू याला?"

बुवांनी भरलेली वाटी उचलली, त्याच्यापुढे धरली.

"का वळलास रे? समोर सगळं होतं की."