कुंभाराच्या रांजणातले मासे

टेकडीखालच्या गावात एक कुंभार होता. किती वर्षांपूर्वी, ते मला विचारू नका. हाताने कसबी, पण स्वभावाने भलता उतावळा. जन्म चिखलात गेला, तरी चिखलात काय पोहतं ते त्याने कधी निरखून पाहिलं नव्हतं.

एकदा माती भिजवायच्या खड्ड्यात त्याला काळे, इवलेसे, शेपटी वळवळवणारे जीव दिसले. "अरे वा! माझ्या खड्ड्यात मासे!"

त्याने ते ओंजळीने उचलून दारातल्या नव्या रांजणात सोडले. रोज त्यांना शेवाळ घालायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवायचा. त्या माशांवर त्याचा जीवच जडला.

आणि एके सकाळी बघतो तर काय, माशांना मागे दोन पाय!

कुंभार चक्रावला. कुंभारीण माहेरी गेलेली, मग विचारायचं कुणाला? तो तेल्याकडे धावला.

तेली म्हणाला, "रांजणात पाल पडली असेल. तिचाच गुण लागला."

लोहार म्हणाला, "छे छे, दृष्ट लागली. सगळ्या गावाला दाखवत बसलास ना!"

कुंभाराने पाल शोधली, सापडली नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तर दोन दिवसांत पुढचेही पाय फुटले! शिवाय शेपटी आखडायला लागली. मासे खाईनात, सारखे वर येऊन तोंड बाहेर काढू लागले.

"माशाचा जीव पाण्यात," कुंभार स्वतःशीच म्हणाला. "पाणीच कमी पडत असणार!" त्याने घागरीमागून घागर ओतून रांजण काठोकाठ भरला. ते बिचारे गुळगुळीत कडेला पाय लावायचे आणि घसरून परत पाण्यात पडायचे. संध्याकाळपर्यंत एक उलटा होऊन तरंगू लागला. कुंभार रांजणाला मिठी मारून रडू लागला.

तेवढ्यात कुंभारीण परतली. तिने गाठोडं खाली टाकलं आणि आत डोकावली.

"अहो, बुडतायत की ते!"

"अगं, मासा कुठे पाण्यात बुडतो?"

"मासे नव्हेत, बेडकाची पोरं आहेत ही!" तिने भराभर अर्धं पाणी उपसलं आणि एक फुटकं मडकं आत पालथं घातलं. एकेक पिल्लू धडपडत त्यावर चढलं, गळा हलवत श्वास घेऊ लागलं. उलटा झालेला मात्र उठला नाही.

कुंभार म्हणाला, "पण शेपटी होती गं! पाय नव्हते!"

"बेडकीण साबुदाण्यासारखी अंडी घालते. त्यातून बेडूकमासा निघतो. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे, मग शेपटी जिरते. मग त्याला नाकाने श्वास घ्यायला हवा लागते, बसायला कोरडी जागा लागते." रांजणाभोवती सांडलेल्या मीठ-मोहऱ्या बघून ती हसली. "अहो, तुमच्या हातात रोज चिखलाचं मडकं बनतं, तेव्हा नाही काढत दृष्ट!"

कुंभार ओशाळला. त्याने पिल्लं खड्ड्याकाठी सोडली. टुणटुण उड्या मारत ती गवतात गेली. डरांव म्हणायला त्यांना अजून अवकाश होता.

पुढच्या वर्षी खड्ड्यात साबुदाण्यासारखा पुंजका तरंगताना दिसला. तेली ओरडला, "अरे, हे काय झालं? काढून टाक!"

"गप रे," कुंभार काठावर उकिडवा बसत म्हणाला. "आधी बघू तर दे." आणि त्या वर्षी मातीसाठी त्याने दुसरा खड्डा खणला.

तात्पर्य: वाढणारा जीव बदलतोच. त्याला काय हवंय ते गावाला विचारू नये. त्याच्याकडेच नीट बघावं.