वाळूचा दगड

समुद्राला खेटून वाळवट नावाचं एक गाव वसलेलं होतं. गावात माती थोडी, वाळूच फार. वादळ आलं की लाटा घरांच्या पायऱ्यांपर्यंत येत आणि माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन दोन कोसांवरच्या गावाकडे पळत. शेवटी गावाने ठरवलं की वादळात सगळ्यांना बसता येईल अशी एक भक्कम इमारत इथेच बांधायची. पण जागा मिळाली तीही वाळूचीच. त्याच जागेवर पूर्वी बांधलेली एक भिंत वर्षभरात खचली होती.

सरपंच दाजी तांडेल म्हणाले, "गावामागचा डोंगर फोडू. दगड घालून वाळू दाबून टाकू."

गावाला विहीर एकच होती आणि तिचे झरे त्याच डोंगरातून येत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसरा उपाय कुणालाच सुचत नव्हता.

कामावर रेवा कुबल नावाची इंजिनिअर नेमलेली होती. ती म्हणाली, "डोंगराला हात नको लावू या. आहे त्या वाळूचाच दगड करता येईल."

"कोण करणार?" दाजींनी विचारलं.

"मातीतले जीव. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक."

भिवा मेस्त्री तिथेच उभे होते. तीस वर्षं पाया भरण्यात गेलेला माणूस. ते मोठ्याने हसले. "ताई, किड्यांनी कधी पाया भरलाय?"

रेवा चिडली नाही. तिने बांधावरची मूठभर माती घेतली. चमचाभर विरजणाने हंडाभर दूध विरजतं, तसे त्या मातीतले जीव तिने टाकीत वाढवले. मग वाळूत भोकं पाडलेले पाइप रोवून टाकीतलं ते पाणी खोलवर सोडलं. मागोमाग युरिया आणि चुन्याचा क्षार पाण्यात विरघळवून सोडला. ते जीव युरियावर जगतात, आणि जगता जगता चुन्याचा दगड घडवतात. तो दगड वाळूच्या दोन कणांच्या मध्ये बसतो आणि कणाला कण धरून ठेवतो. ना भट्टी, ना धूर, ना सुरुंग.

आठव्या दिवशी भिवा मेस्त्रींनी पहार उचलली आणि सगळा जोर लावून जमिनीवर घातली. खणकन आवाज आला. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. पहार बोटभरसुद्धा रुतली नव्हती. मेस्त्री खाली बसले. त्या जमिनीवरून त्यांनी तळहात फिरवला आणि तोच हात कपाळाला लावला. "ताई, मी हसलो ते चुकलं," ते म्हणाले.

गावभर रेवाचं कौतुक झालं. दाजींनी अक्षय्य तृतीयेला पाया भरायचं जाहीर केलं. तृतीया दोन दिवसांवर होती.

त्या दुपारी रेवा दाजींच्या घरी गेली. तिच्या हातात बाटली होती. दाजींनी बूच काढलं आणि नाक मागे घेतलं. वास डोळ्यांत झोंबत होता.

"हे पाणी त्या जमिनीखालचं आहे," रेवा म्हणाली. "जीवांनी दगड केला, त्याच्याबरोबर युरियातून हा झोंबणारा अमोनियाही तयार झाला. विहीर तिथून साठ पावलांवर आहे. पाऊस पडला की हे तिकडे उतरेल. आधी जमीन धुऊन हे सगळं पाणी बाहेर काढायला हवं."

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. मी बोलले नसते तर तुम्हालाही कळलं नसतं."

"मग नसतीस बोललीस तर काय बिघडलं असतं, बाय?"

"पाणी बिघडलं असतं."

दाजींचा आवाज चढला. "आणि पावसाआधी छप्पर चढलं नाही तर? वादळात माणसं जाणार कुठे?"

रेवा मान खाली घालून म्हणाली, "माणसांना पुन्हा दोन कोस चालावं लागेल, दाजी. धुवायला लागणारे दिवस मी आधीच धरायला हवे होते. चूक माझी आहे. पण माझी चूक मी गावाला प्यायला लावणार नाही."

दाजींनी बाटलीला बूच लावलं. तृतीयेचा मुहूर्त त्यांनी सोडून दिला.

बारा दिवस पंप चालला. एका बाजूने स्वच्छ पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूने झोंबणारं पाणी ओढून टाकीत भरायचं. वैशाखाच्या उन्हात रेवा पंपाजवळून हलली नाही. टाकीतलं पाणी पातळ करून तिने माडांना मापात दिलं, आणि माडांना ते चांगलंच मानवलं. रोज ती विहिरीचं पाणी तपासत होती. बाराव्या दिवशी जमिनीखालून येणारं पाणीही निर्मळ निघालं, तेव्हा तिने पंप थांबवला.

भिवा मेस्त्रींनी भिंती झपाट्याने चढवल्या, तरी पावसाने गाठलंच. छप्पर राहिलं. त्या वर्षी ज्येष्ठात वादळ आलं आणि गावाला पुन्हा दोन कोस भिजत जावं लागलं. वाटेत काहीजण रेवाला टोचून बोलले. एका दमेकरी म्हातारीला पाठीवर घेऊन ती त्यांच्याबरोबर चालत राहिली.

पुढच्या वर्षी इमारत पुरी झाली. वादळ पुन्हा आलं, आधीपेक्षा मोठं. समुद्राने इमारतीच्या चहूबाजूंची वाळू कंबरभर ओढून नेली. पण इमारतीखालची वाळू जागची हलली नाही, भिंतीला केसभर तडा गेला नाही. आत गावची सगळी माणसं कोरडी बसली होती, आणि मधोमध विहिरीच्या गोड पाण्याचे हंडे भरलेले होते.

मग दुसऱ्या गावांचे सरपंच पाहायला आले. एकाने दाजींना विचारलं, "वाळूचा दगड व्हायला दिवस किती लागतात हो?"

दाजी म्हणाले, "वाळू आठ दिवसांत घट्ट होते. काम वीस दिवसांत पुरं होतं."

तात्पर्य: काम उभं राहिलं म्हणजे पुरं झालं असं नाही, त्यातून निघालेली घाण जो कुणी न विचारताही निस्तरतो, त्याचंच काम खऱ्या अर्थाने पुरं होतं.