हैबतरावांचा घण

"लोखंडाला कसली आलीय नक्षी! नाल ठोका, फाळ पाजवा आणि गप पडा!" सरदार हैबतराव कडाडले.

"नाल घोड्याच्या पायाला ठोकतात, सरदार. तुमच्या डोक्याला कुणी ठोकली?" ठमा लोहारणीनं विचारलं.

भर दरबारात दोघं एकमेकांना भिडले होते. भांडण राजवाड्याच्या रिकाम्या पागेवरून पेटलं होतं. ठमाला तिथं शाळा काढायची होती. लोखंडाच्या वेली, मोरांचे दिवे, खिडक्यांच्या जाळ्या घडवायला गावच्या पोरापोरींना शिकवायचं होतं. तिच्यामागं हे काम जाणणारं कुणी उरणार नव्हतं. आणि राणीसाहेबांच्या या भावाला तीच पागा हवी होती आपल्या झुंजीच्या कोंबड्यांसाठी! आरवायचं, भांडायचं आणि आयतं खायचं. सरदारांना त्यांच्यात घरच्यासारखं वाटत असणार.

राजे वैतागले. "ठमाबाई, असली कला शिकवून येते?"

"हात असलेल्या कुणालाही येते, महाराज!"

"कुणालाही? मग आमच्या मेहुण्यांना शिकव! दिवस मावळायच्या आत त्यांच्या घणाखालून लोखंडाचं पिंपळपान निघालं, तर पागा तुझी. नाही निघालं, तर तुझा भाता कायमचा बंद!"

दरबार फिदीफिदी हसला. ज्याच्या अंगरख्याची गाठ दुसरा बांधतो, तो घण उचलणार! हैबतराव मात्र मिशीत हसले. त्यात काय अवघड? म्हातारीचं ऐकायचंच नाही!

राजांसमोरच अंगणात भट्टी पेटली. ठमानं लालबुंद सळई सांडशीत धरून ऐरणीवर ठेवली.

"लोहाराची रीत सोपी आहे, सरदार. मी हातोडीनं टिचकी मारीन. जिथं टिचकी, तिथं तुमचा घण!"

तिनं बुंध्याकडे टिचकी मारली. हैबतरावांनी मुद्दाम टोकावर हाणला. "अरेरे, चुकलं वाटतं!"

ठमानं त्यांच्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं.

"असला ठोंब्या जन्मात पाहिला नाही!" ती ओरडली आणि पुन्हा बुंध्याकडेच टिचकी मारली. घण पुन्हा टोकावर! टोक बारीक, लांब होत गेलं. मग तिनं टोकावर टिचकी मारली, तर सरदारांनी मधोमध हाणला. लोखंड रुंदावलं.

"डावीकडे हो, डावीकडे!" घण उजवीकडे!

"आता उजवीकडे म्हणते ना!" घण डावीकडे!

लोखंड निवलं की ती ते भट्टीत सारी. तापलं की पुन्हा टिचक्या आणि शिव्या. सरदार घामानं निथळले, पण हट्ट सोडेनात. आयुष्यात पहिल्यांदाच गडी मन लावून काम करत होता!

ऊन उतरलं तशी ठमानं सांडशी पाण्यात बुडवली. चर्रर्र! वर आलं ते रुंद, डौलदार पिंपळपान. टोक तर असं लांब निमुळतं, की आत्ता वाऱ्यानं हलेल!

राजांनी पानाकडे पाहिलं, मेहुण्याच्या फोड आलेल्या तळव्यांकडे पाहिलं, आणि सारा डाव ध्यानात येताच पोट धरधरून हसले. "पागा दिली ठमाबाईला! आणि भट्टीचा कोळसा आमच्या कोठारातून!"

"दगा!" हैबतराव किंचाळले. "मी हिचं एक अक्षर ऐकलेलं नाही! याला काय शिकवणं म्हणतात?"

"न ऐकणाऱ्याच्या हातून एवढं पान निघालं, सरदार," ठमा म्हणाली, "आता वाट सोडा, ऐकणारी पोरं दाराशी खोळंबलीत!"